पाठ, फळी आणि गादी

पाठ दुखते म्हणून गादी बदलावी असा विचार मनात आला, की पुण्यात दोन मते ऐकू येतात. पहिले मत घरातल्या वडीलधाऱ्यांचे : गादीच नको, फळीवर किंवा जमिनीवर सतरंजी घालून झोपा, पाठ आपोआप ताळ्यावर येईल. दुसरे मत दुकानातले : 'ऑर्थोपेडिक' असा शिक्का असलेली, जाड, टणक आणि महाग गादी घ्या. एक मत गादी टाकायला सांगते, दुसरे विकत घ्यायला सांगते. पण दोहोंच्या मुळाशी गृहीतक एकच आहे. अंथरूण जितके कठीण, तितके पाठीला हितकर. हे गृहीतक इतके अंगवळणी पडले आहे की त्याला काही इतिहास असेल, अशी शंकाही सहसा येत नाही. इतिहास मात्र आहे, आणि त्यात वैद्यकाइतकाच वाटा नीतिकल्पनांचा आहे. तो ध्यानात घेतला तर गादीची निवड थोडी अधिक शहाणपणाने करता येईल, असे आम्हांला वाटते.

मराठीत 'गादी' या शब्दाला निजण्यापेक्षा बसण्याची प्रतिष्ठा अधिक आहे. साताऱ्याची गादी, कोल्हापूरची गादी असे आपण म्हणतो तेव्हा राज्याधिकार अभिप्रेत असतो. गुरूची गादी असते, मठाची असते, पेढीवर शेठजींची असते. थॉमस डॅनियल या इंग्रज चित्रकाराने १८०५ साली पूर्ण केलेले एक भव्य तैलचित्र आहे. सर चार्ल्स मॅलेट आणि सवाई माधवराव पेशवे यांच्यात १७९० साली पुण्याच्या दरबारात झालेल्या तहाचा प्रसंग त्यात रंगवला आहे. त्यातही सत्तेचे स्थान बैठक हेच आहे. लोड, तक्के आणि गादी ही दिवसाची, चारचौघांतली, मानाची वस्तू होती. रात्रीचे अंथरूण ही त्या मानाने खाजगी बाब. पुण्याच्या वाड्यांत सकाळी अंथरुणे काढली की वळकट्यांची आणि गाद्यांची चळत कोपऱ्यात लागे आणि झोपायची खोली पुन्हा बसाउठायची होई. बुधवार पेठेजवळच्या पासोड्या विठोबाचे नाव तिथे भरणाऱ्या पासोड्यांच्या बाजारावरून पडले, असे सांगतात. पांघरायच्या जाड कापडाच्या व्यापाराने एका देवाला नाव मिळावे, इतके हे व्यवहार शहराच्या मध्यभागी होते.

घरात गादी कोणाला आणि सतरंजी कोणाला, हे मात्र पाठीवर ठरत नसे. ते वय, नाते आणि दर्जा यांवर ठरे. कर्त्या पुरुषाला गादी, पाहुण्याला गादी, म्हाताऱ्या माणसाला आणि बाळंतिणीला गादी. बाकीच्यांना सतरंजी, चटई, घोंगडी, वाकळ, जे असेल ते. ही अंथरुणे रोज रात्री घालणे आणि सकाळी उचलणे हे काम बहुधा बायकांचे. कापसाची जड गादी कमरेत वाकून उचलणे हेच पाठीला किती महाग पडते, हे ज्यांनी ते काम केले आहे त्यांना सांगायला नको. पाठदुखीचा विचार करताना आपण माणूस कशावर झोपतो एवढेच पाहतो. ते अंथरूण घालतो कोण, हेही पाहायला हवे.

कठीण अंथरुणाला आपल्या परंपरेत नैतिक मोल फार जुन्या काळापासून आहे. बौद्धांच्या अष्टशीलात उंच आणि ऐषारामी शय्या वर्ज्य मानली आहे. ब्रह्मचाऱ्याने आणि संन्याशाने मऊ बिछान्यावर निजू नये, हा दंडक सर्वपरिचित आहे. जो स्वतःहून व्रत घेतो त्याच्यासाठी यात गैर काही नाही. मात्र व्रत आणि शिक्षा यांच्यातली रेषा पुसट असते. स्कंदपुराणातल्या काशीखंडात विधवेने पलंगावर निजू नये, निजल्यास तिच्या मृत पतीची अधोगती होते, असे सांगितले आहे. एकोणिसाव्या शतकातल्या पुण्याच्या ब्राह्मण घरांत केशवपन, एकभुक्त राहणे आणि जमिनीवरचे अंथरूण ही सोवळ्या विधवेच्या जगण्याची चौकट होती. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली विधवांसाठी संस्था काढली ती या पार्श्वभूमीवर. दहाव्या-बाराव्या वर्षी वैधव्य आलेली मुलगी साठ वर्षांची होईपर्यंत दिवसभर घरचे ओढी आणि रात्री जमिनीवर निजे. तिची पाठ दुखत असेल का, हा प्रश्न कोणी विचारला नाही; कारण त्या अंथरुणाचा हेतू आराम हा नव्हताच.

हा तपशील मुद्दाम दिला आहे. 'कठीण अंथरूण चांगले' हे वाक्य आपल्याकडे डॉक्टरांच्या तोंडून येण्यापूर्वी कितीतरी आधी धर्माच्या तोंडून आलेले होते. 'चांगले' म्हणजे पाठीला चांगले की चारित्र्याला चांगले, हा भेद त्यात केलेला नव्हता.

आता गादीकडे वळू. कापसाची गादी ही तयार मिळणारी वस्तू नव्हती. ती करवून घ्यायची वस्तू होती. ती करणारा कारागीर म्हणजे पिंजारी. खांद्यावर धनुष्यासारखे लांब पिंजण, तिला ताणून बांधलेली तात आणि तात छेडायला लाकडी ठोकळा घेऊन तो गल्लीतून जाई. तातीचा आवाज हीच त्याची हाळी. तो अंगणात किंवा गच्चीवर बसकण मारी, जुन्या गादीचे टाके उसवी, दबून गोळे झालेला कापूस बाहेर काढी आणि तातीच्या कंपनांनी तो मोकळा करी. मग कापूस पुन्हा खोळीत भरून, काठीने सारखा करून, जाड दोऱ्याने टाके घाली. गादी किती किलोची करायची हे गिऱ्हाईक सांगे. अधिक कापूस दाबून भरला की गादी टणक, कमी भरला की मऊ. उशीसाठी सावरीचा कापूस वेगळा. काही वर्षांनी मध्यभागी खळगा पडला की पिंजाऱ्याला पुन्हा बोलवायचे.

पाठदुखीच्या दृष्टीने या व्यवस्थेत एक फार मोठा गुण होता. गादीचा टणकपणा बदलता येत असे. वय वाढले, वजन वाढले, गादी टोचू लागली किंवा फार रुतू लागली, तर तोच कापूस वापरून तीच गादी वेगळी करून मिळे. आज गादी टणक हवी की मऊ, हा निर्णय आपण दुकानात एकदाच घेतो आणि पुढची आठ-दहा वर्षे तो निभावतो. पिंजारी असताना तो निर्णय दुरुस्त करण्याची सोय होती.

ही सोय फुकट नव्हती. तिची किंमत पिंजाऱ्याच्या शरीराने दिली. कामगारांच्या रोगांवरचा पहिला मोठा ग्रंथ इटालियन वैद्य बर्नार्डिनो रामाझ्झिनी याने १७०० साली प्रसिद्ध केला. अंबाडी-जवसाचे तंतू विंचरणाऱ्यांच्या छातीत धूळ जाऊन त्यांना खोकला जडतो आणि दिवसभर वाकून शिवणाऱ्या शिंप्यांची पाठ बाकदार होते, या दोन्ही गोष्टी त्याने नोंदवल्या आहेत. कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुफ्फुसाच्या रोगाला पुढे 'बिसिनोसिस' हे नाव मिळाले. पिंजाऱ्याच्या कामात ही दोन्ही संकटे एकत्र होती. दुसऱ्याच्या पाठीखालची गादी मऊ करणारा माणूस स्वतः दिवसभर वाकून, धुळीत बसलेला असे.

'फळी' या चित्रात कुठून आली, हे समजण्यासाठी पलंगांकडे पाहावे लागते. जमिनीवर निजणाऱ्याला फळीची गरजच नाही. सुंभाची बाज, नवारीचा पलंग आणि इंग्रजी अमदानीत आलेली लोखंडी जाळीची किंवा स्प्रिंगची कॉट या तिन्हींचा दोष एकच : वापराने त्या मध्ये झोळीसारख्या खचतात. डोके आणि पाय वर, कंबर खाली, अशा अवस्थेत रात्र काढली की सकाळी पाठ आखडते. असा पलंग बदलणे परवडत नसेल तर गादीखाली लाकडी फळी घालणे हा साधा, स्वस्त आणि योग्य उपाय आहे. युरोप-अमेरिकेतही फळीचा सल्ला खचणाऱ्या स्प्रिंगांवरचा उतारा म्हणूनच अर्थपूर्ण होता. फळीने झोळी सपाट होते. तिचे काम तेवढेच. फळीवर गादीच नसावी, असे त्यातून निघत नाही.

या फळीला वैद्यकाचे वजन मिळाले ते विश्रांतीच्या सिद्धान्तामुळे. लंडनचे शल्यविशारद जॉन हिल्टन यांची विश्रांती आणि वेदना या विषयावरची व्याख्याने १८६३ साली पुस्तकरूपाने आली. लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस यांनी हाडांच्या आणि सांध्यांच्या रोगांत दीर्घ, अखंड आणि सक्तीच्या विश्रांतीचा आग्रह धरला. क्षयाने पोखरलेल्या सांध्यांसाठी आणि मोडलेल्या हाडांसाठी तो आग्रह रास्त होता. १९३४ साली बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या डॉक्टरांनी मणक्यांमधली चकती सरकून मज्जातंतूवर दाब येतो हे दाखवून दिले आणि 'स्लिप डिस्क' हा शब्द हळूहळू घरोघरी पोचला. चकती सरकली असेल तर ती हलू देऊ नये, हे सामान्य माणसालाही पटण्याजोगे होते. परिणामी साध्या पाठदुखीलाही आठवडेच्या आठवडे कठीण बिछान्यावर पडून राहणे, वजने लावणे, कमरेला पट्टा बांधणे हे उपचार रूढ झाले.

पुण्यातही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अस्थिरोगशास्त्र ही स्वतंत्र शाखा म्हणून स्थिरावली. संचेती रुग्णालयाची सुरुवात १९६५ची. त्याच काळात मध्यमवर्ग वाड्यांतून फ्लॅटमध्ये आला. जमिनीवरची अंथरुणे कॉटवर आणि दिवाणावर चढली. कठीण बिछान्याचा आधुनिक सल्ला इथे पोचला तेव्हा त्याला परके वाटण्याचे कारण नव्हते. साधेपणाचा अभिमान बाळगणाऱ्या शहराला विज्ञान आपल्या आजोबांचेच म्हणणे खरे ठरवते आहे, असे वाटले. मऊ गादी हा चोचला आणि पाठदुखी ही त्या चोचल्याची सजा, असा एक अध्याहृत न्याय त्यात होता. दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून निघालेले दोन विचार असे एकत्र आले आणि एकमेकांना आधार देऊ लागले. त्यानंतर त्यांची परीक्षा घेण्याची गरज कोणाला वाटली नाही.

दरम्यान पिंजारी मागे पडत गेला. रबराच्या चिकाचा फेस करून त्याची गादी बनवण्याची कृती इंग्लंडमध्ये डनलॉप कंपनीच्या प्रयोगशाळेत १९२९च्या सुमारास निघाली. आपल्याकडे फोमच्या कुठल्याही गादीला 'डनलॉपची गादी' म्हणण्याची पद्धत पडली ती त्यावरून. पुढे रबर लावलेल्या काथ्याच्या गाद्या आल्या. त्या टणक होत्या, उचलायला हलक्या होत्या, वर्षातून एकदा उसवाव्या लागत नव्हत्या. गच्चीवर धूळ उडवणारा पिंजारी सोसायट्यांना अडचणीचा वाटू लागला होताच. कापूस पिंजण्याचे काम विजेच्या यंत्राकडे आणि गाद्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत गेले. काथ्याची गादी टणक होती म्हणून ती पाठीला चांगली, हे लोकांना पटवून द्यावे लागले नाही. परंपरेने आणि फळीने ते काम आधीच केलेले होते. 'ऑर्थोपेडिक' हा शब्द त्या तयार समजुतीवर चिकटवलेली चिठ्ठी आहे. तो शब्द छापला म्हणजे त्या गादीची रुग्णांवर चाचणी झाली आहे, असे नव्हे.

चाचण्या झाल्या त्या वेगळेच सांगतात. अमेरिकेत रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी २०३ रुग्णांची पाहणी १९८६ साली प्रसिद्ध केली. सात दिवस पडून राहणाऱ्यांना दोन दिवस पडून राहणाऱ्यांहून काही अधिक लाभ झाला नव्हता. कामाचे दिवस मात्र जास्त बुडाले होते. १९९५ साली हेलसिंकी महापालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांवरचा प्रयोग त्याही पुढे गेला. ज्यांनी झेपेल तितके नेहमीचे व्यवहार चालू ठेवले, ते अंथरुणावर पडून राहणाऱ्यांपेक्षा लवकर बरे झाले. मराठीत आजारी पडण्याला 'अंथरूण धरणे' म्हणतात. साध्या पाठदुखीत अंथरूण धरू नये, हे आता वैद्यकाचे म्हणणे आहे.

गादीविषयीचा सर्वांत महत्त्वाचा प्रयोग स्पेनमध्ये झाला आणि २००३ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. फ्रान्सिस्को कोवाक्स आणि सहकाऱ्यांनी जुनाट पाठदुखीच्या ३१३ रुग्णांच्या गाद्या बदलल्या. काहींना टणक गादी दिली, काहींना मध्यम टणक. कोणाला कोणती मिळाली हे रुग्णांना सांगितले नव्हते. युरोपातल्या मोजपट्टीवर १ म्हणजे सर्वांत टणक आणि १० म्हणजे सर्वांत मऊ. त्यावर पहिली गादी २.३ची आणि दुसरी ५.६ची होती. नव्वद दिवसांनंतर मध्यम गादीवर झोपणाऱ्यांची अंथरुणातली वेदना, उठतानाची वेदना आणि हालचालीतली अडचण ही तिन्ही टणक गादीवाल्यांपेक्षा अधिक कमी झालेली आढळली. २००८ साली डेन्मार्कमधील १६० रुग्णांवरच्या प्रयोगात पाण्याची गादी आणि शरीराच्या आकाराप्रमाणे दबणारी फोमची गादी या दोन्ही कठीण गादीपेक्षा किंचित सरस ठरल्या. फरक मात्र लहान होता.

हा लहान फरकही नीट वाचायला हवा. कठीण गादी विष नाही आणि मऊ गादी अमृत नाही. कुशीवर निजणाऱ्याचा खांदा आणि नितंब गादीत थोडे रुतले नाहीत तर कणा वाकडा राहतो. फार रुतले तरीही वाकडा राहतो. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याचे आसन वर्णिले आहे. दर्भ, त्यावर मृगाजिन, त्यावर वस्त्र असे ते तीन थरांचे असून फार उंचही नाही आणि फार सखलही नाही. तपस्व्याच्या बैठकीतही थर होते आणि मध्यम मान होते, हे कठीणपणाच्या उपासकांनी लक्षात घेतलेले दिसत नाही.

लोड आणि घोंगडी यांचे पाठीशी असलेले नाते पुण्याने एका वेगळ्या मार्गाने जगाला दाखवले. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली डेक्कन जिमखान्यावर योग शिकवायला म्हणून पुण्यात आले आणि २०१४ साली निधन होईपर्यंत इथलेच राहिले. मॉडेल कॉलनीतली त्यांची संस्था १९७५ साली सुरू झाली. दुखऱ्या, ताठरलेल्या शरीराला आसन साधावे म्हणून त्यांनी घड्या घातलेल्या घोंगड्या, लोड, लाकडी ठोकळे, दोर, खुर्च्या आणि बाकडी वापरली. शरीराला जिथे आधार कमी पडतो तिथे आधार द्यायचा आणि त्याला हालचालीकडे न्यायचे, ही त्यामागची दृष्टी. अय्यंगार पद्धतीच्या योगाची जुनाट पाठदुखीच्या ९० रुग्णांवर २४ आठवडे घेतलेली अमेरिकेतली चाचणी २००९ साली प्रसिद्ध झाली. तीत वेदना आणि अडचण दोन्ही लक्षणीय कमी झाल्या. पेढीवरच्या आणि दरबारातल्या बैठकीचा लोड इथे उपचाराचे साधन झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जुनाट पाठदुखीसंबंधी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांतही व्यायामाची शिफारस आहे. कमरेचे पट्टे आणि वजने लावणे यांची नाही.

मग गादी निवडावी कशी? इतिहासातून निघतात त्या गोष्टी थोड्या आहेत. आधी पलंग पाहावा. तो खचलेला असेल तर फळी घालावी, पण फळीवर गादी असावी. गादी जुनी होऊन मध्ये खळगा पडला असेल तर दोष तिचा असण्याची शक्यता मोठी. उठताना पाठ आखडलेली असते आणि थोडे चालल्याफिरल्यावर मोकळी होते, असे रोज होत असेल तर गादीवर संशय घ्यायला जागा आहे. दुकानात हाताने दाबून गादी कळत नाही. संकोच सोडून तिच्यावर आपण ज्या कुशीवर निजतो त्या कुशीवर पंधरा-वीस मिनिटे पडून पाहावे, आणि परत करण्याची सोय असलेली गादी मिळाली तर तीच घ्यावी. काथ्याची टणक गादी घरात असेल तर ती फेकण्याआधी तिच्यावर कापसाची पातळ गादी किंवा दोन गोधड्या घालून महिनाभर झोपून पाहावे. मध्यम टणकपणाचा हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. पायात बधिरता किंवा अशक्तपणा असेल, लघवी-शौचावरचा ताबा जात असेल, ताप येत असेल किंवा वजन घटत असेल, तर गादीचा विचार बाजूला ठेवून त्वरित डॉक्टर गाठावा.

'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण ऐपतीबद्दल आहे, आणि गादी घेताना ऐपतीचा प्रश्न असतोच. पण तिचा एक अर्थ असाही झाला आहे की अंथरूण आहे तसे मानायचे आणि शरीराने स्वतःला त्यात बसवून घ्यायचे. विधवेच्या सतरंजीपासून दुकानातल्या टणक गादीपर्यंत हीच अपेक्षा चालत आलेली आहे. गादी पिंजाऱ्याकडून करवून घेत होते तेव्हा मात्र अंथरूण माणसाप्रमाणे बदलत होते. तो पिंजारी आता बहुतेक गल्ल्यांत येत नाही, आणि त्याच्या छातीतल्या धुळीचा विचार केला तर त्याने परत यावे असे म्हणणेही न्यायाचे होणार नाही. त्याचा प्रश्न तेवढा आपण ठेवावा : गादी कोणासाठी करायची आहे, आणि त्याला ती कशी हवी आहे. घरात ज्याची पाठ दुखते आहे त्यालाच तो विचारावा. अंथरुणे उचलणाऱ्या बाईला तर सर्वांच्या आधी.